छपरावरची छत्री

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक आक्का येत असत. वय साठीच्या पुढचे. सारा जन्म शेतात गेलेला. पाटी-पेन्सिल हाती धरली ती नातवंडे झाल्यावर. पण चिकाटी मोठी. दीड वर्षात त्या वाचू लागल्या. आधी एसटीची पाटी वाचली. मग रेशनच्या दुकानातला फळा वाचला. त्या दिवशी दुकानदाराला त्यांनी भर दुकानात विचारले, "साखर आली म्हणून लिवलंय, मग न्हाई कसं म्हणतोस?" दुकानदाराने मुकाट्याने साखर मोजली.

एकदा त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, आता मला टीव्हीखालची पट्टी वाचायची हाय."

बातम्या चालू असताना टीव्हीच्या तळाशी अक्षरांची एक पट्टी सरकत असते. तीच ही पट्टी. आमचे गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या काठी. आक्कांचे शेत नदीला लागून. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की नदी फुगते. त्याआधी काठावरची मोटार वर काढून ठेवावी लागते. बातम्या देणारा वर भलतेच काही सांगत असतो, आणि पाण्याची सूचना खाली पट्टीतून निघून जाते. घरात वाचणारे माणूस नसले म्हणजे कोणाला कळणार? एका वर्षी आक्कांची मोटार अशीच पाण्यात गेली. तेव्हापासून ती पट्टी त्यांच्या मनात बसली होती.

आणि मग एकाएकी आक्का वर्गाला येईनाशा झाल्या. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. मी घरी गेलो.

आक्का म्हणाल्या, "गुरुजी, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. पुस्तकातलं येतंय, टीव्हीतलं येत न्हाई. समदी अक्षरं एकात एक मिसळत्यात. डोळं गेलं म्हणायचं, न्हाईतर डोस्कं."

मी टीव्ही लावायला सांगितले. पट्टी आली. मी चष्मा पुसून पाहिले, जवळ जाऊन पाहिले. ध कोणता आणि घ कोणता, भ कोणता आणि म कोणता, मलाही कळेना. अनुस्वार तर रेघेत बुडूनच गेले होते. चाळीस वर्षे मुलांना वाचायला शिकवलेला माणूस मी, मलाच ती पट्टी वाचता येईना. मग आक्कांना कशी यावी?

मी म्हणालो, "आक्का, डोळे गेले नाहीत तुमचे. चित्रच धड येत नाही."

पण का येत नाही? टीव्ही नवा होता. मुंबईच्या मुलाने पाठवलेला. छपरावर छत्री नवी. छत्रीचा डबा नवा. सगळे नवे आणि चित्र मात्र धुरकट. याचे कारण शोधायचे तर चित्र घरात येते कसे, ते आधी समजून घेतले पाहिजे.

तुमच्यापैकी जे वयाने मोठे आहेत त्यांना बांबूवरचा अँटेना आठवत असेल. आपल्या देशात टीव्ही पहिल्याने दिल्लीत सुरू झाला, १५ सप्टेंबर १९५९ रोजी. मुंबईत तो आला २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढे सिंहगडावर मनोरा उभा राहिला, आणखी ठिकठिकाणी मनोरे झाले. मनोऱ्यातून चित्राच्या लहरी निघत आणि बांबूवरचा अँटेना त्या पकडी. पण त्या लहरी सरळ रेषेत जातात. बैल बांध ओलांडतो, ही लहर डोंगर ओलांडत नाही. आमचे खोरे डोंगरांच्या कुशीत. म्हणून आमच्याकडे एक जण छपरावर, एक दारात आणि एक टीव्हीपुढे असे तिघे लागत. वरचा अँटेना फिरवी. "आलं का?" "न्हाई!" "आता?" "आलं, आलं! गेलं!" निम्मा वेळ पडद्यावर मुंग्याच दिसत.

ते दिवस गेले. सरकारने जुने मनोरे एकेक करून बंद केले. २०२२ सालापर्यंत बहुतेक सगळे बंद झाले, मोजके काही राहिले. तेव्हा बांबूवर अजून जुना अँटेना असेल तर तो आता कपडे वाळत घालण्याच्याच कामाचा.

आता चित्र आकाशातून येते. विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, माणसाने सोडलेले उपग्रह आहेत. ३६,००० किलोमीटर म्हणजे किती? पृथ्वीला एक पूर्ण वेढा घालायला ४०,००० किलोमीटर लागतात. त्याहून थोडेच कमी. एवढ्या उंचीवरचा उपग्रह पृथ्वीभोवती फिरतो, पण आपल्याला तो एकाच जागी आहेसा वाटतो. असे का? जात्याकडे पाहा. दळताना वरचा दगड फिरतो आणि त्याच्याबरोबर खुंटाही फिरतो. पण दगडावर एखादी मुंगी बसली असेल तर तिला खुंटा नेहमी एकाच बाजूला दिसेल. पृथ्वी म्हणजे तो दगड, उपग्रह म्हणजे तो खुंटा, आणि आपण ती मुंगी. म्हणूनच छत्री एकदा नीट बसवली की रोज फिरवावी लागत नाही.

मुंबईतला आपला मराठी कार्यक्रम, म्हणजे सह्याद्री वाहिनी, दिल्लीला जातो. दिल्लीत तोडापूर येथे दूरदर्शनचे केंद्र आहे. तिथून तो उपग्रहाकडे वर फेकतात आणि उपग्रह तो साऱ्या देशावर खाली टाकतो. मुंबईची बातमी पाटणला यायची तर आधी आकाशात ७२,००० किलोमीटरची जाऊन-येऊन वाट! पण तिला वेळ लागतो पाव सेकंदाच्या आसपास. आपल्या एसटीला हे कोणी सांगेल तर बरे होईल.

दूरदर्शनच्या या सोयीचे नाव 'डीडी फ्री डिश'. ती डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिच्या वाहिन्या 'जीसॅट-१५' या उपग्रहावरून येतात. हा उपग्रह आपल्या इस्रोने तयार केला आणि ११ नोव्हेंबर २०१५ रोजी तो दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून आकाशात सोडण्यात आला.

ही कल्पना मात्र जुनी आहे. १९७५ च्या ऑगस्टपासून एक वर्ष आपल्या देशात एक मोठा प्रयोग झाला. अमेरिकेचा एक उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवला. शेती, आरोग्य, शाळा असे कार्यक्रम असत. आपला महाराष्ट्र त्यात नव्हता, शेजारचे कर्नाटक, आंध्र, मध्य प्रदेश होते. तेव्हाची छत्री दहा फुटांची असे, आणि ती कशाची होती म्हणाल? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची. आज तेच काम दोन फुटांची थाळी करते.

आता छत्रीचे काम पाहू. सूर्यचुलीचा आरसा ऊन गोळा करून भांड्यावर पाडतो, तशी छत्री लहरी गोळा करून तिच्या तोंडासमोरच्या ठोकळ्यावर पाडते. त्या ठोकळ्याला एलएनबी म्हणतात. तिथून तार खाली डब्यात येते. छत्रीचे तोंड नेमके उपग्रहाकडे हवे. बोटभर हलली तरी चित्र जाते. आपल्या भागातून हा उपग्रह आग्नेयेला आहे. उगवतीकडे तोंड करून उभे राहा. उजवा हात बाजूला पसरा. तो दक्षिण दाखवील. समोरची पूर्व आणि हाताची दक्षिण यांच्या मधोमध आग्नेय. जुन्या घरात चुलीचा कोपरा असतो तीच दिशा. तिकडे पाहून मान वर करा. क्षितिज आणि डोक्यावरचे आकाश यांच्यातले तीनांतले दोन भाग वर गेलात की तिथे उपग्रह आहे. दिसणार नाही, पण आहे. छत्री पाहिली तर ती एवढी वर बघते असे वाटत नाही. तिचा आकारच तसा असतो. त्यावरून बसवणाऱ्याशी भांडू नका.

उपग्रह इतका उंच म्हणून डोंगराची अडचण उरली नाही. झाडाची मात्र उरली. आमच्या शेजारी एकाची छत्री मे महिन्यात उत्तम चाले आणि पावसाळ्यानंतर बंद पडे. तो छत्रीवाल्याला शिव्या देई. पुढे लक्षात आले की आग्नेयेला आंब्याची एक फांदी छत्रीच्या आड वाढत होती. छत्री दोन हात सरकवली. आंबा वाचला, चित्रही आले. मुसळधार पावसातही चित्र अडकते, कारण पावसाचे पाणी या लहरी शोषून घेते. त्याला उपाय नाही, पाऊस ओसरला की चित्र आपोआप येते. तेव्हा भर पावसात छपरावर चढून छत्री हलवू नका. विजा चमकत असतील तर डबा आणि टीव्ही दोन्हींची पिन काढून ठेवा. आणि छत्री बसवताना विजेच्या तारांपासून लांब, हे काय वेगळे सांगायला हवे? पण सांगतो. लोखंडी नळी उभी करताना ती वरच्या तारेला लागली तर माणूस हाती लागत नाही.

आता डबा. इथे मी स्वतः फसलो, ते सांगतो.

चित्र उपग्रहावर पाठवताना ते घडी करून पाठवतात. नऊवारी लुगडे आहे तसे पेटीत मावत नाही, घडी केली की मावते. डब्याचे काम ती घडी उलगडायचे. घडी घालण्याच्या दोन रीती आहेत. जुनीला एमपेग-२ म्हणतात, नवीला एमपेग-४. नव्या रीतीने तेवढ्याच पेटीत जास्त लुगडी मावतात. नव्या डब्याला दोन्ही घड्या उलगडता येतात, जुन्या डब्याला फक्त जुनीच. एचडी, म्हणजे अधिक स्वच्छ चित्राच्या वाहिन्या, नव्या घडीतच येतात.

मी बाजारात गेलो. दुकानदाराने एक डबा दिला आणि म्हणाला, "गुरुजी, यावर सगळं लागतं." मी खोक्यावरचे वाचले नाही. वर्गात जन्मभर "वाचा, वाचा" म्हणत आलो आणि स्वतःच्या वेळी न वाचता पैसे मोजले! घरी येऊन पाहतो तो काही वाहिन्या येत, काही येतच नसत. डबा जुन्या रीतीचा होता. परत घ्यायला दुकानदार तयार होईना. मला दुसरा डबा घ्यावा लागला. तेव्हा खोक्यावर एमपेग-४ लिहिले आहे ना, ते आधी पाहा. अक्षरे इंग्रजी असतात. शेवटचा चारचा आकडा नोटेवर, मोबाईलवर तुम्ही रोज पाहता, तो ओळखा. अडले तर शाळेत जाणाऱ्या नातवाला बरोबर न्या.

एचडी ही दोन इंग्रजी अक्षरेही ओळखायला सोपी आहेत. 'एच' म्हणजे दोन उभे खांब आणि मध्ये आडवे लाकूड. 'डी' म्हणजे दोरी ओढून बांधलेले धनुष्य. वाहिनीच्या नावापुढे खांब आणि धनुष्य दिसले की ती वाहिनी एचडी. दूरदर्शनच्या काही वाहिन्या अशा येतात.

एचडीत निराळे काय असते? आयाबायांना हे लगेच कळेल. ठिपक्यांची रांगोळी काढताना ठिपके लांब लांब असले तर मोर ओबडधोबड होतो. ठिपके दाट घातले तर पिसाऱ्याचा डोळासुद्धा काढता येतो. टीव्हीचे चित्रही ठिपक्यांचेच असते. साध्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके. गुणाकार केला तर चार लाख चौदा हजार सातशे वीस. पुऱ्या एचडी चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८०. म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. बरोबर पाचपट! पाटीवर करून पाहा. अनुस्वाराचा टिंब मोठ्या ठिपक्यांत हरवतो, बारीक ठिपक्यांत तो उठून दिसतो.

पण हे पाचपट ठिपके घरात यायचे तर वाट सगळीकडे मोकळी हवी. वाहिनीने एचडी पाठवले पाहिजे. डब्याला ते उलगडता आले पाहिजे. टीव्हीत तेवढे ठिपके मावले पाहिजेत. टीव्हीवर 'फुल एचडी' असेल तर सगळे मावतात. 'एचडी रेडी' असेल तर त्याहून कमी, तरी जुन्या टीव्हीपेक्षा पुष्कळ. आणि डब्यातून टीव्हीत जाणारी तार तशी पाहिजे. विहिरीला पाणी आहे, मोटार मोठी आहे, आणि मध्ये नळी बोटाएवढी घातली, तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचेल का?

मी आक्कांच्या टीव्हीमागे डोकावलो. तिथेच सारे कळले. छत्रीवाल्याने डबा आणि टीव्ही लाल, पांढऱ्या, पिवळ्या टोकांच्या तारेने जोडले होते. ही तार जुन्या टीव्हीसाठी आहे. लाल आणि पांढऱ्यातून आवाज जातो. चित्र एकट्या पिवळ्यातून जाते, आणि ते साधेच जाते. एचडी त्यातून जात नाही. साध्या वाहिनीचे चित्रसुद्धा तिच्यातून फिसकटते, कोरे लुगडे धुताना रंग एकमेकांत उतरावा तसे.

हवी असते ती दुसरी तार. तिला एचडीएमआय म्हणतात. तिचे तोंड चपटे, बोटभर रुंद, आणि खालचे दोन कोपरे तासलेले. तसेच भोक डब्याला असते आणि टीव्हीलाही असते. तोंड नीट पाहून अलगद घालायचे, उलटे घालून दाबायचे नाही. मी दुसऱ्या दिवशी पाटणहून ती तार आणली. दोनशेच्या आत मिळाली. डबा बंद करून तार बदलली. टीव्हीच्या रिमोटवर 'सोर्स' नावाचे बटण असते, ते दाबून एचडीएमआय निवडले. झाले. पाच मिनिटांचे काम. छत्रीवाल्याने पहिल्या दिवशी केले असते तर आक्कांचे तीन आठवडे वाया गेले नसते. पण त्याला दिवसात आठ घरे उरकायची असतात, आणि घरातले कोणी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट विचारायची असते, ती पैशाची. फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत. छत्री, डबा, तार यांचा खर्च एकदाच. पुढे कोणी "फ्री डिशचा हप्ता द्या" म्हणून आला किंवा फोन केला, तर एक पैसाही देऊ नका. खासगी कंपन्यांच्या छत्र्या निराळ्या. त्यांना महिन्याचे पैसे पडतात, आणि वाहिन्याही जास्त असतात. ज्याला परवडेल आणि हवे असेल त्याने घ्यावे. मात्र दूरदर्शनच्या ठरलेल्या वाहिन्या त्यांनाही दाखवाव्याच लागतात, असा नियम आहे. केवळ सह्याद्री पाहायची म्हणून महिन्याचे पैसे भरणाऱ्याला मी तरी शहाणा म्हणणार नाही.

फ्री डिशवर काही खासगी वाहिन्याही दिसतात. त्या लिलावात जागा घेतात. मुदत संपली की काही जातात, नव्या येतात. म्हणून एखादी वाहिनी नाहीशी झाली तर डबा बिघडला असे समजू नका. डब्याच्या यादीत 'ऑटो स्कॅन' असते, ते एकदा चालवा. डबा नव्याने सगळ्या वाहिन्या शोधून ठेवतो.

तर तार बदलली आणि सह्याद्री लावली. ती तार बदलताच चित्र पावसाने धुतलेल्या पानासारखे झाले. सूनबाई चुलीपुढून उठून आल्या. मग एक एचडी वाहिनी लावून पाहिली. निवेदिकेच्या साडीचे काठ मोजता येत होते. पण आक्कांना काठांशी काय करायचे? त्या म्हणाल्या, "परत आपली लावा."

पट्टी आली. आक्का पुढे सरकून बसल्या. ओठ हलू लागले. "सा-ता-रा... जिल्ह्यात..." तेवढ्यात शब्द निघून गेला. पुन्हा दुसरा आला. "पाव-सा-चा..." तोही गेला. चौथ्या खेपेला तीन शब्द एका दमात हाती लागले. सूनबाई म्हणाल्या, "आत्याबाई, बराबर वाचलंत की!"

आक्का माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, ही पट्टी जरा हळू पळवता येत न्हाई का?"

"नाही, आक्का. ते मुंबईहून जसे येते तसेच."

"मग मलाच पळाया पायजे म्हणा की."

सोमवारी रात्री आक्का वर्गात हजर. पाटी धुऊन आणली होती. बसता बसता म्हणाल्या, "आधी मला ध आणि घ पुन्हा एकदा दावा. त्यातच माझी गाडी अडकतीया."